थंब लागत नाही

नोंदणी झालेला कुठलाही दस्त घ्या आणि त्याची शेवटची पानं उघडा. 'दस्त गोषवारा भाग-2' असा मथळा दिसेल. चौकटीत पक्षकाराचं नाव, पत्ता, वय, पॅन नंबर. शेजारी वेबकॅमवर काढलेला फोटो, ज्यात माणूस हमखास नुकताच कुणावर तरी खेकसून आल्यासारखा दिसतो. त्याच्या शेजारी अंगठ्याचा ठसा. आणि खाली आणखी दोन इसमांची नावं, त्यांच्याबद्दल एक सरकारी वाक्य: ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात.

दस्तलेखक म्हणून माझं निम्मं आयुष्य या पानाभोवती गेलं. सांगलीच्या कचेरीत आमच्यासारख्यांना खेड्यातली माणसं 'वकीलसाहेब' म्हणतात, खरे वकील त्यावर नाक मुरडतात, आणि आम्ही दोन्हीकडे हसून घेतो. ओळख पटवणारे ते दोन इसम पुष्कळदा बाहेरच्या चहाच्या गाड्यावरून बोलावून आणलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आत बसलेल्या रावसाहेबांनाही, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या दुय्यम निबंधकांनाही, ठाऊक आहे. तरीही त्या वाक्याचा मला आधार वाटतो. उद्या व्यवहार खोटा निघाला, तर 'तू ओळखतो म्हणालास ना?' असं विचारायला नावा-पत्त्याची दोन माणसं कागदावर असतात.

पूर्वी शाईचा पॅड असायचा. अंगठा आपल्या चिमटीत धरायचा, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पॅडवर फिरवायचा आणि तसाच कागदावर फिरवायचा. दाबायचा नाही. दाबला की रेषा एकमेकींत मिसळून नुसता डाग. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहून खाली दस्तुर म्हणून लिहिणाऱ्याची सही. त्याआधी दस्त वाचून दाखवायचा. सगळे वाचून दाखवत होते असं मी म्हणणार नाही, पण न दाखवल्यास उद्या कोर्टात उलटतपासणी होईल ही धास्ती होती. काम झालं की माणसं बोट भिंतीला पुसायची. कचेरीच्या जिन्यात छातीच्या उंचीवर जांभळ्या डागांचा एक पट्टाच तयार झालेला असायचा. रंग दिला की थोड्याच दिवसांत पट्टा पुन्हा हजर.

आता काचेवर बोट ठेवायचं. भिंती स्वच्छ आहेत. आणि दिवसातून कितीदा तरी एक वाक्य कानावर पडतं, 'थंब लागत नाही.'

हे वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांचे हात एकदा बघावेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. जुनं सोनं-चांदी आटवायचं, ॲसिडमध्ये शुद्ध करायचं. आमचे एक पाहुणे तिकडे दक्षिणेत असतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाला आले, तेव्हा त्यांचा अंगठा मी हातात घेऊन पाहिला. पुढचं पेर गुळगुळीत, किंचित पिवळट, आणि रेषांच्या जागी बारीक बारीक चिरा. ऑपरेटरने त्यांना बोट रुमालाला पुसायला लावलं, मग ओल्या फडक्याला, मग डोक्याच्या तेलाला. (ही शेवटची युक्ती कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसावी, पण सगळ्या कचेऱ्यांत चालते.) स्क्रीनवर जे उमटलं ते ठसा कमी आणि ढगाळ आभाळ जास्त होतं. रावसाहेबांनी साक्षीदारांकडे बघितलं. 'ओळखता ना ह्यांना?' 'आवं, मामा हैत माझं.' झालं. उमटला तेवढा ठसा घेतला आणि दस्त नोंदला गेला, कारण तिथे ठसा फक्त घेतात, तो कशाशी ताडून बघत नाहीत.

त्याच पाहुण्यांच्या आईची गोष्ट वेगळी. गावातलं रेशनचं दुकान, ई-पॉस मशीन, कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्यायची गडबड. आज्जी ऐंशीच्या पुढच्या. आयुष्य खुरपणीत आणि भांड्याच्या राखेत गेलेलं. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. मशीन दर वेळी नकार देत होतं. दुकानदार वैतागला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो म्हणाला, 'आज्जी, मला म्हाईत हाय तुमीच हाय ते. पर मशीन न्हाई म्हनतंय.'

या वाक्यापाशी मी बराच काळ अडकून पडलो आहे. आज्जी लग्न होऊन गावात आल्या, तेव्हा हा दुकानदार चड्डीत फिरत होता. तिची सून कोण, जाव कोण, कुठल्या पायाला संधिवात, सगळं त्याला पाठ. जगात तिची ओळख पटवायला त्याच्याइतका लायक माणूस सापडणार नाही. आणि त्याच्याच साक्षीला तिथे रकाना नाही. आता नव्या मशीनला डोळ्याचं स्कॅनर जोडलेलं असतं, त्यावर त्यांचं काम झालं म्हणे. होऊ दे. 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून सांगितलं होतं, की पडताळणी होत नाही एवढ्या कारणावरून कुणाचा लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून घ्या आणि वहीत तशी नोंद ठेवा. ती वही किती दुकानांत उघडी असते, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन बघावं.

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल, तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या घडांची विरळणी करणाऱ्या बायका, मिरजेत सतारीच्या भोपळ्यावर कानस चालवणारे कारागीर, सगळ्यांचं थोडंफार हेच. ज्या हातांनी जास्त काम केलं, त्या हातांवर मशीनचा विश्वास कमी. माझी बोटं कागदावर फिरलेली, मऊ. माझा थंब पहिल्या फटक्यात लागतो.

मशीनचं वागणं समजून घ्यायचं तर ते काय बघतं हे कळायला हवं. ते ठशाचं चित्र जसंच्या तसं ताडत नाही. रेष कुठे संपली, कुठे फुटून दोन झाल्या, असे बिंदू शोधतं, त्यांच्या जागा आणि दिशा आकड्यांत मांडतं. त्या मांडणीला टेम्प्लेट म्हणतात. नवं बोट आलं की नवी मांडणी करायची आणि जुनीशी किती जुळते ते बघायचं. शंभर टक्के कधीच जुळत नाही. बोट थोडं तिरकं पडतं, घाम असतो, थंडीत कातडी उललेली असते. म्हणून कुणीतरी एक रेघ ठरवतं: इतकं जुळलं तर 'हो'. रेघ वर नेली तर खरी माणसं बाहेर राहतात, खाली आणली तर खोटी आत येतात. मशीनचा 'हो' किंवा 'नाही' म्हणजे असा एक अंदाज असतो. आम्ही मात्र तो पंचनाम्यासारखा मानतो.

ठशाचा हा कारभार इंग्रजांनी आपल्याच भूमीवर सुरू केला. 1858 मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. शास्त्र वगैरे नंतर. कोनाईने पुढे सही नाकारू नये म्हणून त्याला धाक बसवायचा होता, असं हर्शेलनेच पुढे लिहून ठेवलं. 1897 मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग निघाला. ठशांची 1024 खणांत वर्गवारी करण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांची अक्कल होती, पद्धत मात्र साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली गेली. आणि 29 सप्टेंबर 2010 ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. दहा बोटं, दोन डोळे, एक चेहरा. तोवर ठसा गुन्हेगाराचा नाहीतर निरक्षराचा असायचा. आता तो सगळ्यांचा झाला, आणि यातली समानता मला मनापासून आवडते, हेही सांगून टाकतो.

खटकतं ते पुढचं. माझ्या ओळखीचे एक द्राक्षबागायतदार आहेत. एके दिवशी सकाळी त्यांच्या फोनवर खात्यातून दहा हजार गेल्याचा मेसेज आला, आणि पाठोपाठ तसाच आणखी एक. आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे, तिच्यात कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट, की गावातल्या बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या एजंटाकडून, एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम हातात. ज्या म्हाताऱ्या माणसाला एटीएम जमत नाही, त्याला ही मोठीच सोय आहे. आमच्या या गृहस्थांचे पैसे कुठल्यातरी लांबच्या राज्यात निघाले होते. बँकेतल्या माणसाने स्क्रीनवर बघून सांगितलं, 'तुमच्याच अंगठ्यानं निघालेत.'

'अहो, मी त्या टायमाला बागेत फवारणी करत होतो. धा बायका होत्या कामाला. विचारा की त्यास्नी.'

विचारायचं कुणी, आणि उत्तर लिहायचं कुठे? आज्जींना दुकानदार ओळखत होता आणि मशीन नाही म्हणालं. इथे दहा बायका नाही म्हणत होत्या आणि मशीन हो म्हणालं. दोन्हीकडे शेवटचा शब्द मशीनचाच राहिला. त्यांनी लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही लेखी कळवलं. तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर तोशीस ग्राहकाला लागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. पैसे परत मिळाले. पण चपला झिजवून, आणि 'कुणाला अंगठा दिला होता का आठवा' असं पुन्हा पुन्हा ऐकून घेऊन.

ठसा नक्की कुठून गेला, हे कळलं नाही. मला मात्र तेव्हापासून माझंच ते पान वेगळं दिसायला लागलं. नाव, पत्ता, पॅन, फोटो, ठसा, आणि मागे जोडलेली आधारची झेरॉक्स. चोराला लागणारं सगळं साहित्य एका टाचणीत. ही काही माझ्या डोक्यातली भुतं नाहीत. 2018 मध्ये तेलंगणात एकाने जमिनीच्या नोंदलेल्या दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांचे रबरी अंगठे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यानंतर खाती रिकामी करणाऱ्या टोळ्याही ठिकठिकाणी सापडल्या. आधार प्राधिकरणानेही नंतर बोट जिवंत आहे की नक्कल, हे तपासणारी यंत्रणा आणली. चोरही काही शिकायचे थांबत नाहीत.

मी हल्ली पक्षकाराला मास्क केलेलं आधार आणायला सांगतो, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आणि वेळ असेल तर त्याच्याच मोबाइलवर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देतो, म्हणजे बोटा-डोळ्यांच्या पडताळणीला कुलूप. फुकट असतं, चार मिनिटांचं काम. लॉक असताना कुणी बोट लावलं तर पडताळणी 330 हा एरर कोड देऊन परत फिरते. रेशनला जायच्या आधी आपणच थोड्या वेळापुरतं उघडायचं. ज्याचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही त्याचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो बरोबर आहे. ज्यांना कुलूप सगळ्यांत गरजेचं, त्यांच्याच हाती किल्ली नाही.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही, हे आता सगळेच ऐकून आहेत. पण बोट कुठे ठेवलंय, यातही फरक असतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये तुम्ही ठेवलेला ठसा, बऱ्या कंपनीचा फोन असेल तर, आतल्या एका वेगळ्या सुरक्षित भागात राहतो. तो बाहेर जात नाही. अगदी अभेद्य असतो असं नाही: 2013 मध्ये बोटावर उघडणारा पहिला आयफोन आला आणि जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेने काही दिवसांतच नकली बोटाने तो उघडून दाखवला. त्यांच्यातल्याच एकाने 2014 मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांच्या छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा उभा केला. तरी पण तुमचा फोन उघडायला चोराला आधी तुमचा फोन लागतो. एकेकाच्या मागे लागावं लागतं.

क्लासच्या दारातलं मशीन, जिमचं मशीन, कारखान्याच्या गेटवरचं मशीन, यांचं तसं नसतं. तिथले ठसे आणि चेहरे एका जागी गोळा होतात, आणि ती जागा कुणाची, कुलूप कसलं, हे मशीन बसवणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. 2015 मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी खात्यातून 56 लाख माणसांचे ठसे चोरीला गेले. त्यांच्याकडे पैशाची आणि पहाऱ्याची वानवा नव्हती. 2019 मध्ये दारांच्या बायोमेट्रिक कुलपांची बायोस्टार-2 नावाची यंत्रणा संशोधकांना इंटरनेटवर जवळजवळ उघडी सापडली, तिच्यात दहा लाखांहून जास्त माणसांचे ठसे होते. 'आम्ही ठसा ठेवत नाही हो, नुसतं टेम्प्लेट ठेवतो' असं मशीनवाले सांगतात. टेम्प्लेटवरून मशीनला फसवता येईल असा ठसा परत उभा करता येतो, हे संशोधकांनी 2007 च्या सुमारासच दाखवून दिलंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायद्याने इथवर पुरतं समाधान केलेलं नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2018 मध्ये त्याच न्यायालयात आधार टिकलं, पण बँक खात्याला आणि सिमकार्डाला ते सक्तीचं राहिलं नाही. 2022 च्या कायद्याने पोलिसांना अटक केलेल्या माणसाच्या ठशांबरोबर डोळ्यांची स्कॅनही घेता येतात, आणि ती माहिती 75 वर्षं ठेवता येते. 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, की माहिती कशासाठी घेताय ते सांगा, संमती घ्या, काम संपलं की पुसा, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्या. गंमत म्हणजे 2011 च्या जुन्या नियमांत बायोमेट्रिकला 'संवेदनशील' म्हणून वेगळा मान होता. नव्या कायद्यात तो वेगळा वर्गच नाही. तुमच्या डोळ्याची बाहुली आणि तुमचा ईमेल पत्ता एकाच पंगतीला.

हे सगळं आमच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या मिटिंगमध्ये बोलायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं. गेटला चेहरा ओळखणारं मशीन बसवायचं घाटत होतं. चोऱ्या वाढल्यात, हे कारण खोटं नव्हतं. मशीन विकायला आलेला पोरगा चुणचुणीत होता. प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'काका' लावायचा. चेहरे कुठे राहणार? 'क्लाऊडला, काका, एकदम सेफ.' फ्लॅट विकून गेलेल्याचा चेहरा? 'ॲडमिनला डिलीटचं ऑप्शन आहे, काका.' आणि बॅकअपमधून? 'ते ऑफिसला विचारून सांगतो.'

मग कुणीतरी म्हणालं, रहिवाशांचं सोडा, खरी गरज कामवाल्यांचे चेहरे घेण्याची आहे. माना डोलल्या. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी या भागातल्या चार-पाच इमारतींत काम करतात. म्हणजे चार-पाच क्लाऊडवर त्यांचा चेहरा, आणि एकाही मिटिंगला त्या नाहीत. मी तसं बोललो. सेक्रेटरी म्हणाले, 'त्यांना काय फरक पडतोय?' दुसऱ्या दिवशी मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, 'काम हाय तवर ठीक. काम सुटल्यावर माझं थोबाड कशाला पायजे त्यास्नी?' पोरग्याच्या ऑफिसला पडला नव्हता तो प्रश्न.

ठराव लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी दस्तासारखाच लिहिला: कशासाठी घेणार, किती दिवस ठेवणार, कोण बघणार, सोडून जाणाऱ्याचा चेहरा तीस दिवसांत पुसून तसं लेखी देणार, आणि ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड, मग तो फ्लॅटचा मालक असो की कामाला येणारं कुणी. मिटिंगला वाचूनही दाखवला. 'तुमच्यामुळं लांबतंय बघा सगळं,' असं दोघा-तिघांनी ऐकवलं, पण ठराव मंजूर झाला, बहुतेक जेवायची वेळ झाली होती म्हणून. कंपनीनेही बॅकअपचं कलम करारात घालायला मग कुरकुर केली नाही. मागितलंच नव्हतं कुणी आजवर, असं तो पोरगाच म्हणाला.

कार्ड मागणाऱ्यांची यादी केली, तेव्हा पहिलं नाव तळमजल्यावरच्या काकूंचं होतं, दुसरं माझं. तिसऱ्या ओळीपासून खाली सगळी कामाला येणाऱ्या बायकांची. त्यांच्या कार्डांचे पैसे सोसायटीने भरायचे की ज्याने त्याने, हा विषय पुढच्या मिटिंगला ठेवलाय.